लाइव्ह रॉकवर खाऱ्या पाण्याची टाकी: मांडणीपासून पहिल्या माशापर्यंत

नव्या खाऱ्या टाकीत पहिल्याच महिन्यात मासा मेला, तर पहिला संशय अमोनियावर घ्यावा. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. समुद्रात तो विरून जातो, काचेच्या टाकीत साठत जातो. तो पचवणारे जिवाणू आधीच वसलेले असतील तरच मासा तगतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन्ही गट पुरेसे वाढेपर्यंतच्या काळाला सायकलिंग म्हणतात. टाकी मुरणं हा आपला शब्द त्याला नेमका लागू पडतो.

हे जिवाणू प्रामुख्याने पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात फारच थोडे असतात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. पाणी बदलल्याने सायकल मोडत नाही. जुन्या टाकीतलं नुसतं पाणी आणून ओतल्याने ती सुरूही होत नाही. आणि ज्याचा पृष्ठभाग सर्वांत जास्त, तो सच्छिद्र खडक हाच टाकीचा खरा फिल्टर असतो. खडकाच्या बाहेरच्या थरात, जिथे प्राणवायू भरपूर आहे तिथे, अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे जिवाणू राहतात. आतल्या बारीक भोकांत प्राणवायू जवळजवळ पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी खडक, वाळू आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच बळावर समुद्री टाक्या चालवून दाखवल्या होत्या. उपकरणं त्यानंतर कितीतरी सुधारली, पण खडकाचं काम तेच राहिलं.

पुढची सगळी मापं ९० × ५० × ४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण २०० लिटरच्या टाकीसाठी आहेत. पहिल्या टाकीला हा आकार योग्य. लहान टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात क्षारता (मिठाचं प्रमाण) आणि तापमान फार लवकर हलतं आणि चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

खडक कोणता घ्यायचा

लाइव्ह रॉक म्हणजे मुख्यतः मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे, ज्यांवर आणि ज्यांच्या आत जिवाणू, शैवाल, स्पंज, किडे, छोटे खेकडे यांनी घर केलेलं असतं. तो तीन अवस्थांत मिळतो.

पहिला ताजा खडक. समुद्रातून काढून ओल्या कागदात गुंडाळून पाठवलेला. यावर जीव सर्वांत जास्त, पण प्रवासात त्यातले बरेच मरतात आणि टाकीत येऊन कुजतात. दुसरा क्युअर केलेला खडक, ज्यावरची कुजण्याची पाळी विक्रेत्याकडेच होऊन गेली आहे. तिसरा कोरडा खडक. त्यावर जिवंत काहीच नसतं, त्यामुळे कीडही नसते आणि जिवाणूही नसतात.

चांगला क्युअर केलेला खडक मिळत असेल तर सगळा तोच घ्यावा, त्यावर खर्च केलेला पैसा सर्वांत सत्कारणी लागतो. तो कमी मिळाला तर निदान एक चतुर्थांश भाग तो आणि बाकी कोरडा, हेही उत्तम चालतं: जिवंत तुकडे बियाण्यासारखे काम करतात आणि काही महिन्यांत कोरड्या दगडांवर वस्ती पसरते.

हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागेल, भोकं आणि कपारी भरपूर असतील, जांभळट-गुलाबी कोरलाइन शैवालाचे डाग असतील आणि वास समुद्राचा येईल, असा तुकडा निवडा. कुजक्या अंड्याचा वास येत असेल, पांढरा बुळबुळीत थर किंवा काळे डाग असतील, तर आत काहीतरी मेलेलं आहे. २०० लिटरला सच्छिद्र खडक १५ ते २० किलो पुरतो. जड, घट्ट खडक असेल तर २५ किलोपर्यंत. टाकी दगडांनी ठासून भरली तर पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरत नसलेल्या खडकातले जिवाणू उपाशी राहतात.

किनाऱ्यावरून खडक फोडून किंवा उचलून आणू नका. दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि अनेक देशांत प्रवाळखडक काढणं हा गुन्हा आहे. खाणीतला दगड मुद्दाम समुद्रात ठेवून त्यावर जीव वाढू देतात, तसा शेतीचा लाइव्ह रॉकही मिळतो. तो घेतला तर प्रवाळबेटाला धक्का लागत नाही.

टाकी, स्टँड आणि यंत्रं

पाणी, काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (टाकीला पाइपांनी जोडलेली दुसरी टाकी) धरून एकूण वजन ३०० किलोच्या पुढे जातं. स्टँड त्या वजनाचा हवा आणि चारही बाजूंनी स्पिरिट लेव्हल लावून सपाट केलेला हवा. काचेखाली फोमची शीट घाला. थेट ऊन येणारी जागा टाळा. टाकी आतून साध्या पाण्याने पुसा, डाग असतील तर पांढऱ्या व्हिनेगरने. साबण अजिबात नको. मग काठोकाठ साधं पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवून पाहा. मीठ घातल्यावर गळती सापडण्यापेक्षा आता सापडलेली बरी.

हीटर २०० वॅटचा एक घेण्याऐवजी १०० वॅटचे दोन घ्या. हीटर बिघडतो तेव्हा अनेकदा चालू अवस्थेतच अडकतो. लहान हीटर अडकला तर पाणी उकडायला वेळ लागतो आणि तोवर तुमचं लक्ष जातं. पाणी २५ ते २६ अंश सेल्सियसला ठेवायचं आहे. खोलीच गरम असेल तर पृष्ठभागावरून पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान दोनेक अंशांनी उतरतं. त्याहून जास्त उतरवायचं तर चिलर लागतो.

प्रवाहासाठी ताशी साधारण २,००० लिटर फेकणारे दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवून लावायचे प्रवाहाचे पंप) समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा, म्हणजे दोन प्रवाह मध्ये आपटून खडकाच्या सगळ्या बाजूंना पाणी लागतं. प्रोटीन स्किमर हवाच, विशेषतः ताजा खडक असेल तर. कुजण्यातून सुटणारी सेंद्रिय घाण अमोनिया होण्याआधीच तो फेसातून बाहेर काढतो.

सम्प असेल तर एक चाचणी न विसरता करा: सगळं चालू असताना वीज बंद करा आणि सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं ते बघा. रिटर्न पाइपातून, म्हणजे सम्पमधलं पाणी टाकीत चढवणाऱ्या पाइपातून, पाणी उलटं येतं. ते सम्पच्या काठाच्या आत थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडा. हवा शिरली की उलटा ओघ तुटतो. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारा थेंब सॉकेटात न जाता खाली पडेल. सगळी जोडणी अर्थ लीकेज ब्रेकरवरच हवी. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी थेट वापरू नका. त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन, फॉस्फेट, सिलिकेट आणि पाइपांतलं तांबं असू शकतं. फॉस्फेट आणि सिलिकेट शैवालाला पोसतात. तांबं गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ यांना मारतं आणि खडकात मुरून बसतं. आरओ-डीआय यंत्रातून (आधी आरओचा पडदा, मग उरलेले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज) गाळलेलं, विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घ्या. आरओनंतर डीआयचा टप्पा नसेल तर आकडा पाच-दहावर अडकतो. पहिल्या भरणीपुरतं ते चालून जातं, पण डीआय कार्ट्रिज पुढे लागणारच आहे.

खडक आणि वाळूची जागा वजा जाता टाकीत सुमारे १६० लिटर पाणी मावतं. ४० लिटरचा सम्प धरला तर एकूण २००. समुद्री मिठाच्या मिश्रणात थोडा ओलावा असतो, म्हणून लिटरला ३६ ते ४० ग्रॅम मीठ लागतं. या टाकीला साधारण साडेसात किलो. याशिवाय निदान ५० लिटर पाणी वेगळ्या पिंपात कायम तयार असू द्या. अमोनिया अचानक चढला तर तेव्हा मीठ कालवत बसायला वेळ नसतो.

नेहमी पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. मिठाच्या ढिगात थोडंच पाणी असताना कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा चुना खाली बसतो आणि तो परत विरघळत नाही. पिंपात पॉवरहेड सोडा, पाणी २५ अंशांवर आणा, मूठमूठ मीठ घाला आणि पाणी नितळ दिसेपर्यंत, शक्यतो रात्रभर, फिरू द्या. टाकीत खडक असताना तिच्यात थेट मीठ घालणं म्हणजे खडकावरचे जीव भाजणं.

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास ठेवा. ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजा आणि तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला मीटर वरच्या टोकाला दोन-तीन पीपीटीने चुकू शकतो. भरून झाल्यावर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, मोजून लिहून ठेवा: ८ ते १० डीकेएच (तिचं एकक) चांगली. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० पीपीएम, बऱ्या मिठात हे आपोआप जुळलेलं असतं.

खडक येण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून टाकी अशी खाऱ्या पाण्यावर, हीटर आणि पंपांसकट चालू हवी. खडक दारात आला आणि पाणी अजून कालवायचंच आहे, ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक. प्रत्येक कोरड्या तासाला खडकावरचं काहीतरी मरतं आणि ते नंतर अमोनिया होऊन समोर येतं.

खडक आल्यावर पहिला दिवस

हातात जाड रबरी मोजे आणि डोळ्यांवर गॉगल घाला. हे केवळ काटे आणि किड्यांच्या केसांसाठी नाही. खडकावर येणाऱ्या पॅलिथोआ जातीच्या बटणांसारख्या प्राण्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. त्यामुळे खडक कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. वाफेतून किंवा तुषारांतून हे विष फुप्फुसात गेल्याने माणसं गंभीर आजारी पडली आहेत. कीड मारायला खडक उकळा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

एका बादलीत खारं पाणी घेऊन प्रत्येक तुकडा त्यात जोरात हलवा आणि सुटी घाण झाडून टाका. मग तुकडा फिरवून नीट बघा. पांढरे, विरघळत चाललेले, लगद्यासारखे भाग हे मेलेले स्पंज. ते ब्रशने खरवडून काढा. तुकडा नाकाशी धरा, कारण सडकी कपार डोळ्याआधी नाकाला कळते. हिरवं केसाळ शैवाल उपटून टाका. जांभळा कोरलाइन थर मात्र घासू नका.

बहुतेक पाहुणे उपयोगाचे असतात. ब्रिसल वर्म दिसायला किळसवाणे, पण कुजकं खाऊन टाकी साफ ठेवतात. छोटे ब्रिटल स्टार (बारीक हातांचे, तारामाशासारखे प्राणी) हेही तसेच. नको असलेले थोडेच: केसाळ पायांचे खेकडे, रात्री टक-टक आवाज करणारा मँटिस श्रिंप, आणि एप्टेशिया हे काचेसारखं पारदर्शक तपकिरी अॅनिमोन. मँटिस किंवा खेकड्याचा संशय असेल तर १.०३५ ते १.०४० विशिष्ट गुरुत्वाच्या पाण्यात तो तुकडा मिनिटभर बुडवून हलवा. बरेचदा प्राणी बिळातून बाहेर पडतो. सगळ्या खडकाला हा उपाय करू नका, त्यात चांगले जीवही मरतात. एप्टेशिया कापू किंवा चिरडू नका, कारण तळव्याचा छोटा तुकडा उरला तरी त्यातून नवं उगवतं. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडा आणि तेव्हा पॉवरहेड पंधरा मिनिटं बंद ठेवा.

क्युअर करणं

ताजा खडक वेगळ्या पिंपात क्युअर करणं सर्वांत चांगलं. खाद्यपदार्थांसाठी वापरता येईल अशा प्लास्टिकचं १०० लिटरचं पिंप, हीटर, जोरदार पॉवरहेड, आणि अंधार. प्रकाश दिला तर सुटणाऱ्या पोषणद्रव्यांवर शैवाल माजतं. अमोनिया दररोज मोजा. तो २ पीपीएमच्या वर गेला की निम्मं पाणी बदला, आणि बदलण्याआधी प्रत्येक तुकडा त्याच पाण्यात हलवून घाण सोडवा, मग तळाचा गाळ नळीने ओढून घ्या. काहीजण इथे अमोनिया मुद्दाम चढू देतात, की जिवाणू जोमाने वाढतील. जिवाणू ०.५ पीपीएमवरही वाढतात. चढलेला अमोनिया फक्त उरलेले स्पंज आणि किडे मारतो, आणि त्यांच्यासाठीच तर ताजा खडक घेतला होता.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले आणि खडकाला समुद्राचा वास येऊ लागला, की क्युअरिंग संपलं. तीन ते सहा आठवडे धरा.

वेगळं पिंप ठेवायला जागा नसेल तर हेच काम मुख्य टाकीत करता येतं, फक्त तेव्हा वाळू घालू नका. उघड्या काचेवरचा गाळ ओढून घेणं सोपं. वाळूत गेला तर तो महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडत राहतो.

रचना आणि वाळू

खडक थेट तळाच्या काचेवर बसवा, वाळू त्यानंतर. वाळूवर उभारलेल्या ढिगाखालून वाळू उकरणारा मासा किंवा खेकडा गेला की ढीग कोसळतो आणि काच फुटू शकते. सगळ्या काचांपासून सात-आठ सेंटिमीटर अंतर सोडा, म्हणजे घासणारं चुंबक फिरेल आणि मागे गाळ अडणार नाही. भिंत बांधल्यासारखा मागच्या काचेला टेकवलेला ढीग बघायला भरगच्च वाटतो, पण त्याच्या पोटात पाणी मरतं. तीन-चार मोठे तुकडे पायाला, त्यांवर कमानी आणि गुहा, अशी मोकळी मांडणी करा. सांधे एपॉक्सी पुट्टीने किंवा अॅक्रिलिकच्या सळ्यांनी पक्के करा. शेवटी वरच्या दगडावर तळवा ठेवून सगळ्या दिशांना ढकलून पाहा. हलला तर पुन्हा बसवा.

वाळू अॅरागोनाइटची, १ ते २ मिलिमीटर दाण्याची. तीन सेंटिमीटर थराला या टाकीत साधारण २० किलो लागते. कोरडी वाळू पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पिशवीत ओली मिळणारी लाइव्ह वाळू धुऊ नका. टाकीत पाणी असेल तर रुंद नळीतून वाळू तळाशी सोडा. तरीही दोन दिवस पाणी दुधासारखं दिसेल, ते बसतं.

सायकल चालू असताना

क्युअर केलेला खडक ओला राहून आला असेल तर पुष्कळदा अमोनिया ०.२५ ते ०.५ पर्यंत चढून आठवड्यात शून्यावर येतो. मोठा चढ आला नाही म्हणून काही बिघडलं असं समजून कुजकी कोळंबी टाकू नका. जिवाणू आधीपासून खडकात होते, एवढाच त्याचा अर्थ.

ताज्या खडकात क्रम ठळक दिसतो. दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो, साधारण दुसऱ्या आठवड्यात उतरू लागतो. तो उतरताना नायट्राइट चढतं आणि तेच सर्वांत जास्त रेंगाळतं, दोन-तीन आठवडेसुद्धा, कारण ते खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट समुद्री माशांना गोड्या पाण्यातल्याइतकं घातक नसतं, पण ते दिसतंय तोवर सायकल अर्धवट आहे हे नक्की. शिवाय नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी खोटा वाढीव आकडा दाखवते. त्या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

अमोनिया एक दिवसाआड, नायट्राइट आठवड्यातून दोनदा, अल्कलिनिटी आठवड्यातून एकदा, आणि क्षारता रोज मोजा. तारखेसह वहीत लिहा. एकच आकडा काही सांगत नाही, सलग आकडे सगळं सांगतात. रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर धरून वाचा आणि चाचणीच्या बाटलीवरची मुदत तपासा.

पाणी रोज काही लिटर उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. ही भर आपोआप घालणारं ऑटो टॉप-ऑफ यंत्र बसवणार असाल तर आताच बसवा, म्हणजे मासे येईपर्यंत त्याचे दोष कळतात.

अल्कलिनिटीकडे फार कमी लोक बघतात आणि सायकल बरेचदा तिथेच अडते. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं: २ पीपीएम अमोनिया पूर्ण पचला की सुमारे ०.६५ डीकेएच खर्च होते. चार-पाच वेळा एवढा अमोनिया पचला तर ९ वरची अल्कलिनिटी ६ वर येते, पीएच ८ च्या खाली घसरतो आणि जिवाणू मंदावतात. पाणी बदला, किंवा खाण्याचा सोडा वापरा. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा साधारण १ डीकेएच वाढवतो. तो गोड्या पाण्यात विरघळवून प्रवाहात हळूहळू सोडा आणि दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका.

दिवे? कोरड्या खडकाची टाकी असेल तर सायकल संपेपर्यंत बंद. लाइव्ह रॉकवर कोरलाइन आणि इतर जीव टिकवायचे असतील तर क्युअरिंग संपल्यावर मंद प्रकाश, दिवसाला चार ते पाच तास.

कोरडा खडक जास्त असेल तर

कोरड्या खडकात कुजायला काही नसल्याने अमोनिया बाहेरून द्यावा लागतो. अमोनियम क्लोराइड १०० लिटरला ०.६ ग्रॅम घातल्यावर साधारण २ पीपीएम येतो. आपल्या २०० लिटरला १.२ ग्रॅम. बाटलीतले जिवाणू त्याच दिवशी घाला, आणि घातल्यावर दोन दिवस स्किमर आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा असेल तर तोही बंद ठेवा, नाहीतर ते खडकाला चिकटण्याआधीच बाहेर जातील किंवा मरतील. अमोनिया ०.५ च्या खाली गेला की पुन्हा तेवढीच मात्रा. ५ पीपीएमच्या पुढे कधी नेऊ नका. जास्त अमोनिया स्वतःच नायट्राइट खाणाऱ्या जिवाणूंना दाबून ठेवतो. कुजकी कोळंबी टाकण्याची पद्धत यापुढे निरर्थक आहे: अमोनिया किती आणि कधी सुटेल ते कळत नाही, आणि फॉस्फेट फुकट गळ्यात पडतं. स्वस्तातला मासा सोडून सायकल करणं तर सरळ क्रौर्य आहे. त्याचे कल्ले भाजतात, आणि जगलाच तरी तो अधू राहतो.

काही कोरडे खडक महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडतात. त्यातला एक तुकडा खाऱ्या पाण्याच्या पिंपात आठवडाभर फिरवून फॉस्फेट मोजा, ०.१ पीपीएमच्या बराच वर आला तर पाणी बदलून पुन्हा भिजवा.

आकडा हलत नसेल तर

आठवडाभर अमोनिया तसाच राहिला तर या क्रमाने तपासा: अल्कलिनिटी ७ च्या खाली आहे का, तापमान २२ च्या खाली आहे का, मात्रा जास्त झाली का, आणि शेवटी चाचणीच खोटं बोलते आहे का. भरणीच्या पाण्यात क्लोरामाइन राहिलं असेल तर ते चाचणीत अमोनिया म्हणूनच दिसतं, आणि अमोनिया बांधून ठेवणारी औषधं काही चाचण्यांत बांधलेला अमोनियाही मोजायला लावतात. ताजं कालवलेलं खारं पाणी घेऊन तीच चाचणी करा. तिथेही आकडा आला तर दोष टाकीत नाही.

कोरड्या खडकाच्या टाकीत नायट्राइट अडून बसलं असेल आणि फॉस्फेट शून्य असेल, तर चिमूटभर माशांचं खाद्य टाका. जिवाणूंनाही थोडं फॉस्फरस लागतं.

एखाद्या सकाळी पाणी धुरकट आणि वास कुजका, म्हणजे काहीतरी मोठं मेलं आहे. कपारी नाकाने शोधा, सडका तुकडा बाहेर काढा, निम्मं पाणी बदला, ताजा सक्रिय कोळसा घाला आणि पृष्ठभाग ढवळता ठेवा, कारण अशा वेळी अमोनियाचा त्रास होण्याआधीच प्राणवायू संपतो.

सायकल संपली हे कसं कळतं

अमोनिया आणि नायट्राइट सलग सात दिवस शून्य, आणि नायट्रेट दिसतंय. खात्री करायला १ पीपीएम अमोनिया घाला. २४ तासांनी दोन्ही शून्य आले तर टाकी तयार. कोरड्या खडकाच्या टाकीत हीच परीक्षा २ पीपीएमवर घ्या. नायट्रेट २० च्या वर असेल तर आता निम्मं पाणी बदला, तापमान आणि क्षारता जुळवून.

याच सुमारास वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी पसरते. ते डायटम, सिलिकेटवर वाढणारे सूक्ष्म जीव. दोन-तीन आठवड्यांत स्वतःच ओसरतात. त्यांच्यासाठी रसायन विकत घेऊ नका. मागोमाग हिरवं शैवाल येतं. तेव्हा आठ-दहा गोगलगायी सोडा, ट्रोकस आणि सेरिथ मिळाल्या तर उत्तम. एकदम चाळीस सोडल्या तर शैवाल आठवड्यात संपतं आणि त्या उपाशी मरून अमोनिया होतात. गोगलगायींना क्षारतेतला बदल सोसत नाही. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी तास-दीड तास थेंबथेंब सोडून मगच त्यांना आत घ्या, पिशवीचं पाणी मात्र टाकीत ओतू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही ओढूनताणून शून्यावर आणण्याच्या मागेही लागू नका. अशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव माजतात आणि ते डायटमपेक्षा कितीतरी चिवट असतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठीक आहे.

मासा सोडण्याआधी त्याला वेगळ्या, बिनखडकाच्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवून बघा. पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री रोग मुख्य टाकीत शिरला तर खडक असताना तांब्याचं औषध देता येत नाही; सगळे मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. सायकल चालू असतानाच विलगीकरणाची टाकी सुरू केली तर वेळ वायाही जात नाही.

पहिला मासा म्हणून टाकीतच पैदास झालेली ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी घ्या. पहिला आठवडा दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या आणि अमोनिया रोज मोजा. दोन माशांच्या भारापुरते जिवाणू खडकात आहेत, सहांच्या भारापुरते अजून नाहीत. ते खाद्याच्या प्रमाणात वाढतात. ०.२५ दिसला तर खाद्य एक दिवस थांबवा आणि २० टक्के पाणी बदला. तीन आठवडे आकडा शून्यावर टिकला की पुढचा मासा.